कॅसेटची दुकाने नेमकी कशी संपली? रहाटणीतल्या एका वहीच्या निमित्ताने (थ्रेड)

मुंबईच्या काळा घोडा परिसरातील ऱ्हिदम हाऊस फेब्रुवारी २०१६ अखेर बंद झाले, तेव्हा वृत्तपत्रांतून मृत्युलेख लिहावेत तसे लेख आले. पुण्याच्या कर्वे रस्त्यावरील अलूरकर म्युझिक हाऊसविषयीही असाच हळवा सूर आढळतो. तो रास्तच आहे. अभिजात संगीत आणि पु. ल. देशपांडे यांचे कथाकथन कॅसेटवर आणणारे ते दुकान होते.

मात्र या स्मरणलेखांतून एक सोपी कथा रुजली आहे: इंटरनेट आले, लोकांनी गाणी विकत घेणे सोडले, दुकाने संपली. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला ही कथा अपुरी वाटते. घरोघरी स्वस्त इंटरनेट नेणारे जिओ सुरू झाले सप्टेंबर २०१६ मध्ये. ऱ्हिदम हाऊसला कुलूप लागून तेव्हा सहा महिने उलटले होते.

थोडे मागे जाऊ. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांचे ध्वनिमुद्रण झाले आणि भारतात तबकडीचा व्यापार रुजू लागला. पुढची कित्येक दशके या व्यापारावर एचएमव्हीची जवळजवळ मक्तेदारी होती. तबकडी महाग, ती वाजवण्याचे यंत्र त्याहून महाग. त्यामुळे तबकड्यांचे दुकान ही मोठ्या शहरातील सुस्थित वस्तीची गोष्ट राहिली. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत पाळी करणाऱ्या कामगाराचा त्याच्याशी संबंध येण्याचे कारण नव्हते.

ती मक्तेदारी मोडली १९८० च्या दशकात, कॅसेटने. कॉपीराइट कायद्यातील एका तरतुदीनुसार मूळ तबकडी निघालेली असली की स्वामित्वधन भरून तेच गाणे दुसऱ्या आवाजात काढता येत असे. टी-सिरीजने या फटीतून वाट काढली आणि कॅसेट पानाच्या टपरीवर, किराणा दुकानात नेऊन ठेवली. पीटर मॅन्युएल यांच्या ‘कॅसेट कल्चर’ (१९९३) या ग्रंथात उत्तर भारतातील ही उलथापालथ तपशिलाने आली आहे. आपल्याकडे याच लाटेवर प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते गावोगावी पोहोचली, आणि ६ डिसेंबरला दादरला भीमगीतांच्या कॅसेटचे स्टॉल लागू लागले. तबकडीच्या युगात ज्यांना ग्राहक म्हणून कोणी मोजले नव्हते, ते आता बाजार ठरवू लागले.

रहाटणीतले ज्या दुकानाविषयी मी लिहिते आहे, ते याच बाजाराचे अपत्य. तिथे छापील कॅसेट विकल्या जात, पण खरा धंदा ‘गाणी भरून देण्याचा’. ग्राहक कागदावर यादी आणी, दुकानदार कोऱ्या कॅसेटवर ती गाणी उतरवून देई. कायद्याच्या दृष्टीने ही सरळसरळ चोरी होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. आज तिथे मोबाइलचे कव्हर आणि चार्जर मिळतात. मालक तेच आहेत.

त्यांनी मला एक वही दाखवली. प्रत्येक पानावर ‘बाजू अ’, ‘बाजू ब’, खाली गाणी, आणि कोपऱ्यात गिऱ्हाइकाच्या नावाऐवजी खूण: ‘नांदेडवाले’, ‘दुसरी पाळी’. एकाच कॅसेटवर ‘आशिकी’ची गाणी, मग विठ्ठलाची, मग भीमगीत. कोणत्याही कंपनीच्या सूचीत हा क्रम सापडणार नाही. मराठवाड्यातून कारखान्यात आलेला माणूस खोलीवर परतल्यावर काय ऐकत होता, याचा याहून नेमका पुरावा माझ्या पाहण्यात नाही.

“काका, बाकीच्या वह्या?” मी विचारले.

“रद्दीत गेल्या. गाण्यांचं कोण जपतंय? हिच्यात मागं उधारी लिहिली होती, म्हणून राहिली.”

हे दुकान बंद पडले असे म्हणताच येत नाही. कॅसेटच्या जागी एमपी३ची सीडी आली, एका सीडीत शंभराहून अधिक गाणी. मग मेमरी कार्ड आले, आणि काका तेही ‘भरून’ देऊ लागले. काम तेच, वस्तू बदलत गेली. शेवटी फक्त गाणे त्यातून गळून पडले. इंटरनेटने या दुकानाला दिला तो शेवटचा धक्का, पहिला नव्हे. जी स्वस्त नक्कल त्याच्या जन्माला कारण झाली, तीच टप्प्याटप्प्याने इतकी स्वस्त होत गेली की नक्कल करून देणाऱ्याची गरजच उरली नाही.

ऱ्हिदम हाऊसविषयी उद्या कोणी प्रबंध लिहायला घेतला, तर त्याला छायाचित्रे, मुलाखती, कात्रणे मिळतील. काळेवाडी, थेरगाव, भोसरी, चाकण इथल्या दुकानांविषयी काय मिळेल? कामगारांचा इतिहास आपण संप, करार आणि वेतनवाढीतून लिहितो. त्यांच्या फुरसतीची कागदपत्रे रद्दीच्या भावाने जातात. ती गोळा करणे हे विद्यापीठांचे काम होते. ते झाले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

काकांच्या परवानगीने मी वहीची छायाचित्रे घेतली आहेत. उधारीची पाने वगळून. ओल लागून काही पाने चिकटली आहेत, ती अजून उघडलेली नाहीत. आपल्यापैकी कोणाच्या घरी किंवा दुकानात अशी वही, हस्तलिखित यादी किंवा बिलबुक असेल, तर कृपया मला कळवा. कॅसेट वाजत नसली तरी चालेल. तिच्यावरची चिठ्ठी मात्र काढू नका.