दसऱ्याचे सोने आणि मुठीतले दाणे

आज दसरा. पाटीपुस्तकांची, अवजारांची पूजा आटोपून आपण शिलंगणाला निघू, आपट्याची पाने सोने म्हणून एकमेकांच्या हाती देऊ, थोरांच्या पाया पडू. १९१९ च्या ४ ऑक्टोबरला असाच दसरा होता, आणि कऱ्हाडजवळच्या काले गावी त्या मुहूर्तावर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. शंभरी ओलांडलेल्या या संस्थेकडे पाहताना आज पुन्हा जाणवते, की देणारे हात पुष्कळ असतात. पण चिरकाल टिकते ते काम, ज्यात घेणाऱ्याचाही घाम मिसळलेला असतो.

भाऊरावांपाशी गंगाजळी नव्हती. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह निघाले आणि तिथे सर्व जातींची मुले एका पंगतीला बसली. ते साल ध्यानात घेतले म्हणजे त्या पंगतीचे धाडस कळते. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग असे नामकरण झाले. पण नावाने चूल पेटत नाही. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रही राखले नाही. घराघरांतून मूठमूठ धान्य गोळा होई, त्यालाच मुष्टिफंड म्हणत. मुले शेतात राबत, स्वयंपाक करीत आणि शिकत. ‘कमवा आणि शिका’ची ही रीत पुढे १९४७ मध्ये साताऱ्यात निघालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजापर्यंत पोचली. मूठभर जोंधळा घालणाऱ्या बाईला ते बोर्डिंग आपलेच वाटत असणार, आणि आपले वाटलेले सहसा कोणी ओस पडू देत नाही.

आजचे धर्मादाय प्रकल्प बहुधा उलट्या टोकाने सुरू होतात. आधी निधी, मग कोनशिला, मग फीत. गावाला विचारायचे राहूनच जाते. मुदत सरली, की वाचनालयाला कुलूप लागते. मात्र सगळा दोष देणाऱ्यांच्या माथी मारून आपल्याला मोकळे होता येणार नाही. शाळेचे छप्पर गळू लागले की ‘संस्था बघून घेईल’ म्हणणारे आपणच असतो, आणि त्याच शाळेत शिकून शहरात स्थिरावलेलेही आपणच. रयत शिक्षण संस्थेच्या बोधचिन्हातला वड पारंब्या जमिनीत उतरवतो म्हणून पसरतो. आपल्यातले किती जण असे परत उतरले?

आज सोने वाटून झाल्यावर गावच्या शाळेत एक फेरी मारावी. देणगीचे पुढे पाहता येईल. आधी तिथल्या शिक्षकांना विचारावे, की काय अडले आहे आणि त्यातले किती गाव स्वतः उचलायला तयार आहे.