खांदा दुखतो, म्हणजे सराव चांगला झाला?

तिरंदाजी शिकणाऱ्या मुलामुलींच्या घरी हा समज पक्का असतो. जरा हिशेब करून पाहा. 40 पौंडांचं धनुष्य म्हणजे दर बाणाला सुमारे 18 किलोची ओढ. ऑलिंपिक प्रकारच्या पात्रता फेरीत 72 बाण. म्हणजे जवळजवळ 1,300 किलो, तेही एकाच हाताने! सुटीच्या दिवशी अशा दोन फेऱ्या मारल्यावर खांदा तक्रार करणारच.

दोरी ओढायची ती पाठीच्या वरच्या स्नायूंनी. ते थकले की भार खांद्याच्या सांध्याभोवतीच्या लहान स्नायूंवर येतो आणि दुखापत तिथे होते. म्हणून हात थरथरू लागला, ओढलेली दोरी हनुवटीशी स्थिर राहीना, की थांबावं. उरलेले बाण उद्या. जास्त ओढीचं धनुष्य घेतलं (अब्बांनी हौसेने आणलेलं असलं तरी) तर आधी बाण कमी करावेत, मग आठवड्याआठवड्याने वाढवावेत. सरावाआधी रबरी पट्टा ओढून अंग मोकळं करावं.

दोन दिवसांत ओसरणारी अंगदुखी चालेल. पण हात वर नेताना एकाच जागी कळ येते, रात्री त्या कुशीवर झोपवत नाही, असं असेल तर मलम चोळत बसू नका. धनुष्य बाजूला ठेवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.