अर्धांगवायू : औषध आणि व्यायाम, दोन्ही चालू ठेवा



वस्तीत कुणाच्या अंगावरून वारे गेले की पहिले आठ दिवस सारे घर दवाखान्यात धावते. रुग्ण घरी आला की मात्र दोन प्रश्न निघतात. एक, "एवढ्या गोळ्या चालू आहेत, मग व्यायाम कशाला?" आणि हात थोडा हलू लागला की दुसरा, "आता गोळ्या कशाला?" हे दोन्ही प्रश्न घराला महागात पडतात.

मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली किंवा ती वाहिनी फुटली, तर मेंदूचा तेवढा भाग निकामी होतो. रक्तदाबाची गोळी दुसरा झटका टाळण्यासाठी असते. रक्त पातळ करणारी गोळी सहसा गुठळीच्या आजारात देतात. रक्तस्राव झालेल्याला ती धोक्याची ठरू शकते. म्हणून शेजाऱ्याची गोळी आपल्या माणसाला देऊ नये आणि चालू गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये.

पण मेलेला भाग कोणतीही गोळी जिवंत करीत नाही. त्याचे काम मेंदूच्या शिल्लक भागाला शिकवावे लागते. शिकवणे म्हणजे तीच हालचाल रोज पुन्हा पुन्हा करणे : पेला उचलणे, खाटेवरून उठणे, चार पावले चालणे. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होते. पुढेही होते, पण सावकाश. हे तीन महिने नुसते झोपून घालवू नयेत.

व्यायामाला एखाद्या गोळीची जोड दिली तर हात लवकर येईल काय, हेही तपासले गेले आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधील ११८ रुग्णांच्या अभ्यासात फिजिओथेरपीबरोबर फ्लुऑक्सेटीन ही गोळी घेणाऱ्यांना फायदा दिसला. मोठी आशा वाटली. परंतु २०१८ साली ब्रिटनमधील तीन हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात त्या गोळीने परावलंबन कमी झाले नाही. उलट हाडे मोडण्याचे प्रमाण वाढले. तेव्हा "हे इंजेक्शन घ्या, हात येईल" असे कुणी सांगितले, किंवा कबुतराचे रक्त चोळायला सांगितले, तर कर्ज काढू नका.

मग औषध आणि व्यायाम खरोखर एकत्र कुठे उपयोगी पडतात? हात आखडून मूठ घट्ट मिटली असेल, तर बोट्युलिनम नावाच्या इंजेक्शनाने स्नायू सुमारे तीन महिने सैल राहतो. त्याच काळात ताण देण्याचे व्यायाम केले तर त्याचा लाभ मिळतो. झटक्यानंतर तीनपैकी एका रुग्णाला उदासीनता ग्रासते. तो आळशी झालेला नसतो. त्यावर उपचार केले तर तो व्यायामाला उठतो.

घरच्यांनी एवढे पाळावे : लुळ्या हाताला धरून रुग्णाला ओढू नये, खांदा निखळतो. पाणी पिताना ठसका लागत असेल तर डॉक्टरांना दाखवावे. फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम नीट शिकून घ्यावेत आणि दिवसातून थोडे-थोडे, अनेकदा करून घ्यावेत. मुंबईत केईएम, नायर, सायन या महापालिकेच्या रुग्णालयांत फिजिओथेरपीचे विभाग आहेत. रोज जाणे परवडत नसेल तर तसे तिथे स्पष्ट सांगून घरी करायचे व्यायाम मागून घ्यावेत.

हे सारे काम घरातल्या बाईवरच टाकू नका. मुलांनी, भावांनी पाळी लावावी. कमावता हात पुन्हा उभा राहिला तर सगळे घर उभे राहते.