धाप आणि धास्ती

दम्याच्या रुग्णास धाप लागली म्हणजे त्याच्याभोवती जमलेल्या मंडळींत दोन पक्ष पडतात. 'हा छातीचा विकार. याला औषध हवे, मनाचा येथे संबंध काय?' असे एक पक्ष म्हणतो. 'तपासणीत तर विशेष काही निघाले नाही. उगाच घाबरता, मन घट्ट करा,' असे दुसरा बजावतो. पहिला पक्ष रुग्णाची भीती नाकारतो, तर दुसरा त्याचा आजारच नाकारतो. मेंदूविषयक संशोधनाने या दोन्ही पक्षांचा आधार काढून घेतला असून त्याची दखल वैद्यकाप्रमाणेच समाजानेही घेणे अगत्याचे आहे.

श्वासोच्छ्वासाचे नियमन प्रामुख्याने कार्बन डायऑक्साइडच्या प्रमाणावर अवलंबून असते, हे हॉल्डेन आणि प्रीस्टली यांनी १९०५ मध्ये दाखवून दिले. श्वासाची लय निर्माण करणारा चेतापेशींचा लहानसा पुंजका १९९१ मध्ये मस्तिष्कपुच्छात सापडला. पुढे २०१७ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून असे आढळले की, या पुंजक्यातील काही पेशी मेंदूला सावध ठेवणाऱ्या केंद्राकडे संदेश धाडतात. त्या नष्ट केल्यास उंदरांचा श्वास चालूच राहतो, परंतु ते एरवीपेक्षा अधिक शांत होतात. श्वासाची लय आणि चित्ताची अवस्था यांना जोडणारा दुवा तो हाच.

धाप ही मात्र केवळ श्वासाची गती नव्हे. वेदनेप्रमाणेच ती एक जाणीव आहे आणि तिला दोन बाजू आहेत: ती किती तीव्र आहे ही एक, आणि ती किती असह्य वाटते ही दुसरी. २००८ मधील एका प्रयोगात निरोगी व्यक्तींना अडथळ्यातून श्वास घ्यावयास लावून चित्रे दाखविण्यात आली. मनास उद्विग्न करणारी चित्रे समोर असताना धापेची तीव्रता तेवढीच राहिली, परंतु तिची असह्यता वाढली. आणि त्या वेळी मेंदूतील इन्सुला व अमिग्डाला हे भावनांशी निगडित भाग अधिक क्रियाशील झाले. तोच अडथळा, तीच छाती. परंतु मनःस्थिती बदलताच यातना बदलली.

म्हणजे सारा मनाचाच खेळ, असा निष्कर्ष कोणी काढील तर तोही टिकणारा नाही. ज्यांच्या मेंदूतील अमिग्डाला आजाराने निकामी झाला आहे, अशा तीन व्यक्तींवरील निरीक्षणे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी एक स्त्री सापालाही भीत नसे. परंतु ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा हुंगताच तिन्ही व्यक्तींचा जीव घाबराघुबरा झाला. भीती जणू ठाऊकच नसलेल्या माणसालाही कोंडलेला श्वास भयभीत करतो. मग सामान्य माणसास 'घाबरू नका' असे नुसते सांगण्यात कोणते शहाणपण?

याच्या उलट बाजूही तितकीच बोलकी आहे. दम्याच्या झटक्यात मरणाच्या दारातून परतलेल्या रुग्णांमध्ये धापेची जाणीवच बोथट असल्याचे १९९४ मध्ये आढळून आले होते. २०२० आणि २०२१ मध्ये कोविडच्या साथीत तर रक्तातील प्राणवायू घटूनही काही रुग्णांना धाप जाणवत नव्हती, म्हणूनच बोटाला लावावयाचा ऑक्सिमीटर घरोघरी पोचला. तात्पर्य, फुप्फुसाची स्थिती यंत्राने मोजावी आणि धाप रुग्णाला विचारावी. एकीवरून दुसरीचा अंदाज बांधणे धोक्याचे आहे.

हा केवळ प्रयोगशाळेतील वाद नाही. सीओपीडी हा श्वसनमार्ग अरुंद करणारा दीर्घकालीन विकार २०१६ मध्ये भारतातील मृत्यूंच्या कारणांत दुसऱ्या क्रमांकावर होता. त्याच्या कारणांत विडी-सिगारेटबरोबर चुलीचा धूरही येतो. अशा रुग्णाचे दुष्टचक्र ठरलेले असते. धाप लागेल या भीतीने तो जिना टाळतो, मग बाजार, मग शेजारही. हालचाल थांबल्याने स्नायू दुबळे होतात आणि चार पावलांतच पुन्हा धाप लागते. देखरेखीखाली व्यायाम, श्वसनाचे शिक्षण आणि मार्गदर्शन यांचा मेळ घालणारी पुनर्वसन-पद्धती हे चक्र मोडते. फुप्फुसाची मोजलेली क्षमता तिने फारशी वाढत नाही. तरीही धाप कमी होते आणि माणूस हिंडूफिरू लागतो. चेहऱ्यावर हातपंख्याचा वारा घेतल्यानेही धापेला उतार पडतो, हे चाचण्यांत दिसले आहे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता हा खर्च महागड्या यंत्रांचा नाही. तो प्रशिक्षित माणसांचा आणि त्यांच्या वेळेचा आहे. नेमकी हीच गोष्ट अंदाजपत्रकात सर्वांत आधी डावलली जाते, कारण तिचे उद्घाटन करता येत नाही. जिल्हा रुग्णालयांत भौतिकोपचार-तज्ज्ञ आणि समुपदेशक यांची पदे निर्माण करणे व ती भरणे, हा धापेवरील औषधोपचाराचाच भाग समजला गेला पाहिजे.

तोवर निदान एक गोष्ट पैशावाचून करता येण्याजोगी आहे. कचेरीच्या तिसऱ्या मजल्यावर पोचून भिंतीला टेकलेल्या लेखनिकाला किंवा वर्गात वाक्य अर्धवट सोडून थांबलेल्या शिक्षकाला कामचुकार वा भित्रा ठरविण्याचे सोडून द्यावे. त्याची धाप खरी असते आणि त्याची धास्तीही खरीच असते.