जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील जमात प्रमाणपत्र पडताळणी

पुणे जिल्ह्यातील जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम भागात, सह्याद्रीच्या कुशीतील गावांमध्ये, प्रामुख्याने महादेव कोळी व ठाकर या आदिवासी जमातींची वस्ती आहे. ६ सप्टेंबर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशापासून अनुसूचित जमातींची यादी अस्तित्वात आली. मात्र आपण त्या यादीतील जमातीचे आहोत हे प्रत्येक व्यक्तीला स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागते. या प्रक्रियेस जमात प्रमाणपत्र पडताळणी म्हणतात. बोलण्यात ती ‘व्हॅलिडिटी’ याच नावाने ओळखली जाते. राखीव जागेवरील प्रवेश, नोकरी व निवडणुकीतील उमेदवारी या दाखल्यावर अवलंबून असते.

जपानमध्ये कुटुंबातील जन्म, विवाह व मृत्यू ‘कोसेकी’ या एकाच शासकीय नोंदवहीत लिहिले जातात आणि परदेशात राहणाऱ्या जपानी व्यक्तीला तिच्या आधारे आपले नागरिकत्व दाखवता येते. भारतात अशी कुटुंबनिहाय नोंदवही नाही. येथे अर्जदारालाच विखुरलेल्या कागदांतून आपले कुटुंब जुळवून दाखवावे लागते: शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, गाव नमुना चौदा म्हणजे कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूच्या नोंदी, वारसाचे फेरफार, सातबारा आणि या सर्वांना जोडणारी वंशावळ. जुन्या नोंदी मोडी लिपीत असल्यास त्यांचे लिप्यंतरही करून घ्यावे लागते.

==कायदेशीर चौकट==

महाराष्ट्राचा जात प्रमाणपत्र देणे व पडताळणी यासंबंधीचा अधिनियम (२००१ चा २३ वा) १८ ऑक्टोबर २००१ पासून लागू आहे. त्याच्या कलम ८ नुसार दावा सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची असते. या व्यवस्थेचे मूळ मात्र १९९४ च्या माधुरी पाटील खटल्यात आहे, आणि तो खटला महादेव कोळी जमातीच्या दाव्याचाच होता. कुटुंबाच्या जुन्या नोंदींत ‘हिंदू कोळी’ असे लिहिलेले असल्याने सर्वोच्च न्यायालयाने तो दावा फेटाळला आणि पडताळणी समित्या व दक्षता पथके नेमण्याचे निर्देश दिले.

==‘कोळी’ या शब्दाचा प्रश्न==

अडचणीचे मूळ बहुधा एका शब्दात असते. ‘कोळी महादेव, डोंगर कोळी’ ही नोंद महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत आहे. कोकण किनाऱ्यावरील सोनकोळी त्या यादीत नाहीत. शाळेत नाव घालताना गुरुजींनी नुसते ‘कोळी’ किंवा ‘हिंदू कोळी’ लिहिले असेल, तर नातवाला त्या एका शब्दाचा खुलासा करावा लागतो. दुसरीकडे, जुन्या नोंदीत ‘महादेव’ हा शब्द नंतर घातला आहे काय, शाई व हस्ताक्षर जुळते काय, हे दक्षता पथकाला पाहावे लागते. ही शंका निराधार म्हणता येत नाही. खोट्या दाव्यांनी राखीव जागा घेतल्या जातात, ही तक्रार सर्वाधिक तीव्रतेने आदिवासी समाजातूनच होत आली आहे. २०१७ च्या जगदीश बहिरा निकालात सर्वोच्च न्यायालयाने दावा अवैध ठरलेल्यांच्या नोकरीला संरक्षण नाकारले. त्यानंतर २१ डिसेंबर २०१९ च्या शासन निर्णयाने अशा कर्मचाऱ्यांना अकरा महिन्यांसाठी अधिसंख्य पदांवर वर्ग करण्यात आले.

==नोंद नसलेल्यांचे काय==

स्वातंत्र्यपूर्व कागदाला अधिक पुराव्याचे मूल्य आहे, हे तत्त्व ‘आनंद विरुद्ध समिती’ (२०११) या निकालात स्पष्टपणे मांडले गेले. तत्त्व म्हणून ते योग्य आहे. आरक्षणाचा लाभ सुरू होण्यापूर्वी खोटे लिहून घेण्याचे कारण कमी होते. पण ज्या वाडीत शाळाच उशिरा आली, तेथील आजोबांच्या नावाचा दाखला कोठून येणार? म्हणजे जे कुटुंब शिक्षणापासून अधिक दूर राहिले, त्याचाच पुरावा अधिक दुबळा ठरतो. हे त्याच निकालाने ओळखले होते: शाळेत जाणारी पहिलीच पिढी असल्यास केवळ कागद नाहीत म्हणून दावा फेटाळता येत नाही.

अशा वेळी समिती आप्तभाव चाचणीकडे वळते. तीत जमातीच्या चालीरीती, कुलदैवते, विवाहविधी व बोली यांविषयी प्रश्न विचारले जातात. मुंबई-पुण्यात वाढलेल्या मुलाला ती उत्तरे नीट देता येतीलच असे नाही. २४ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने, ठाकूर जमातीशी संबंधित प्रकरणात, ही चाचणी निर्णायक कसोटी नसल्याचे स्पष्ट केले. पित्याकडील रक्ताच्या नातलगाला योग्य चौकशीनंतर वैधता मिळाली असेल, तर तिला मोठे महत्त्व आहे. त्यामुळे कुटुंबातील पहिला दाखला पुढच्या भावंडांचा मार्ग मोकळा करतो.

==स्थलांतर आणि विस्थापन==

स्थलांतरितांना आदेशाच्या तारखेला पूर्वज जेथे राहत होते त्या मूळ ठिकाणाकडे परतावे लागते. विवाहित स्त्रीची जमात माहेरच्या नोंदींवरून ठरते. लग्नानंतर नाव बदलले असल्यास दोन नावांची सांगड घालणारा कागद वेगळा लागतो. आंबेगाव तालुक्यात तर मूळ ठिकाणच काही वेळा उरलेले नाही. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले ते जुने आंबेगाव डिंभे धरणाच्या जलाशयात गेले, आणि ३० जुलै २०१४ रोजी दरड कोसळून माळीण गावातील घरे गाडली गेली. घरातील प्रत नष्ट झाली, तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातील नोंद हाच आधार राहतो. ती तेथे सुस्थितीत आहे की नाही, यावर अर्जदाराचे काहीही नियंत्रण नसते.