दही लागले नाही, तर गोठ्याकडेही पाहावे

घरात दही लागले नाही की दोष थंडीला दिला जातो, विरजणाला दिला जातो, नाहीतर घाईघाईने लावलेल्या हाताला. ही कारणे पुष्कळदा खरीही असतात. तथापि ज्या घराच्या मागे स्वतःचा गोठा आहे, तेथे आणखी एका कारणाचा विचार व्हावयास हवा आणि तो सहसा होत नाही. ते कारण म्हणजे दुधात उतरलेला प्रतिजैविकाचा अंश.

दही लागणे ही जिवंत क्रिया आहे. विरजणातील जिवाणू दुधातील लॅक्टोज या साखरेचे लॅक्टिक आम्लात रूपांतर करतात. दुधाचा सामू ४.६ च्या आसपास उतरला की केसीन हे प्रथिन एकत्र येते आणि दही बसते. कासदाह झालेल्या गाई-म्हशीच्या सडात औषध सोडले, किंवा तिला इंजेक्शन दिले, की त्याचा काही अंश दुधावाटे बाहेर पडतो. पेनिसिलिन गटातील औषधे अल्प मात्रेतही विरजणातील जिवाणूंची वाढ रोखू शकतात. दूध उकळल्याने हा अंश खात्रीने नष्ट होत नाही. म्हणूनच दूध तापवलेले असते, विरजण ताजे असते आणि तरीही सकाळी भांड्यात दूध पातळच राहते.

शंका आली तर पडताळणी घरच्या घरी करता येते. उपचार झालेल्या जनावराचे आणि निरोगी जनावराचे दूध वेगवेगळे उकळावे. दोन्ही सारखेच कोमट झाल्यावर प्रत्येकी एक लिटरला दोन ते तीन चहाचे चमचे ताजे विरजण लावावे व दोन्ही भांडी एकाच उबदार जागी झाकून ठेवावीत. दोन्ही लागली नाहीत, तर दोष विरजणाचा वा उबेचा. एकच लागले नाही, तर पशुवैद्यकाशी बोलावे. या प्रयोगातील दही मात्र खाऊ नये.

या पद्धतीची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. दही लागले म्हणजे दूध निर्दोष, असे सिद्ध होत नाही. जिवाणूंना न रोखणारा सूक्ष्म अंश किंवा वेगळ्या प्रकारचे औषध त्यात असू शकते. औषधाच्या वेष्टनावर दिलेला, दूध न वापरण्याचा कालावधी पूर्ण पाळणे, हाच खरा नियम. दही हा पहारेकरी आहे, न्यायाधीश नव्हे.

माझ्या मते विस्तार कार्यकर्त्यांनी हा विषय स्वयंपाकघरातून सुरू करावा. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंविषयीचे व्याख्यान सभेत ऐकले जाते आणि विसरले जाते. न लागलेले दही मात्र गृहिणीच्या लक्षात राहते. गोठ्यातील धार, धुणे व झाडलोट पुष्कळ घरांत स्त्रियाच पाहतात. मग उपचाराची नोंदही त्यांच्याच हाती असावी. जनावर कोणते, औषध कोणते, शेवटची मात्रा कधी दिली आणि दूध कोणत्या दिवसापासून वापरावयाचे, एवढ्या चार गोष्टी गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहिल्या तरी पुरे.

यावर एक रास्त आक्षेप येतो. दोन गाईंवर संसार चालवणाऱ्याने काही दिवसांचे दूध ओतून द्यावे, हे सांगणे सोपे आहे, सोसणे नाही. हा तोटा एकट्या उत्पादकाच्या माथी मारून प्रश्न सुटणार नाही. उपचाराची माहिती प्रामाणिकपणे देणाऱ्यास दंड नव्हे, तर आधार मिळेल अशी व्यवस्था गावच्या दूध संस्थांनी उभारली पाहिजे. कारण एका जनावराचे दूध कॅनमध्ये मिसळले की सबंध गावाच्या दुधावर प्रश्नचिन्ह लागते. आणि हे दूध वासरांना पाजून ‘वाचवणे’ हाही उपाय नव्हे. त्यातून प्रतिरोधी जिवाणूंनाच बळ मिळते.

सर्वांत स्वस्त उपाय रोगाआधीचा आहे: कोरडी बसण्याची जागा, धारेपूर्वी स्वच्छ पुसलेली कास, धारेनंतर सड जंतुनाशकात बुडवणे आणि आजारी जनावराची धार सर्वांत शेवटी काढणे. औषधाची वेळच आली, तर ते पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यावे. आणि सगळे दूध संकलन केंद्रावर घालून दही बाजारातून आणणाऱ्या दूध उत्पादकाने निदान एक भांडे घरी विरजावे. आपल्या गोठ्यातील दूध कसे आहे, याची थोडी वार्ता त्या भांड्यातून रोज मिळत राहील.