गोठ्यातलं लग्न

"गोठ्यात लग्न? दुसरी जागा मिळाली नाही का?" पार्सिपनीहून आईला फोन केला तेव्हा तिचा पहिला प्रश्न हा होता. आमच्या एका मित्राचं लग्न इथून तासाभराच्या अंतरावर एका जुन्या बार्नमध्ये होतं, आणि बार्न म्हणजे काय हे मीच तिला 'गोठा' म्हणून समजावलं होतं. चूक माझीच.

बार्न म्हणजे आपला गोठा आणि कोठार एकाच उंच छपराखाली. खाली गाई-घोडे, वर माळ्यावर हिवाळाभर पुरेल इतकं गवत. पुढे जनावरं गेली, बऱ्याच ठिकाणी शेतंही विकली गेली, आणि असे कितीतरी बार्न आता लग्नाला, वाढदिवसाला भाड्याने मिळतात. तुळयांवरून पिवळ्या दिव्यांच्या माळा, लाकडी पिंपांची टेबलं, भिंतीवर जुनं जू आणि घोड्याचे नाल. आमच्या मित्राचा अंतरपाट त्याच तुळयांखाली धरला. होम मात्र अंगणात झाला, कारण लाकडी इमारतीत उघडा अग्नी चालणार नाही असं मालकाने आधीच सांगितलं होतं. मंगलाष्टकं आत, सप्तपदी बाहेर. गुरुजींनी कुरकुर केली नाही, थंडी वाजली तेवढीच.

मला ते लग्न फार आवडलं. खरं सांगायचं तर मी नवरा-नवरीपेक्षा छताकडेच जास्त बघत होतो. एका तुळईला खाच, दुसरीला जीभ, आणि दोन्हींतून आरपार ठोकलेली लाकडी खुंटी. मुख्य सांगाड्यात खिळा दिसेना.

आता बरेच लोक याला नाटक म्हणतात. शेण काढायचं नाही, धार काढायची नाही, आणि गोठ्यात बसून फोटो काढायचे! मीही असंच म्हणायचो. मत बदललं ते आमच्या गावातलीच एक इमारत बघून.

पार्सिपनीत रूट 10 वर 'क्राफ्ट्समन फार्म्स' नावाची जागा आहे. गुस्ताव स्टिकली हा अमेरिकेतला नावाजलेला फर्निचरवाला. 'द क्राफ्ट्समन' नावाचं मासिकही त्याने 1901 ते 1916 पर्यंत चालवलं. साध्या, हाताने केलेल्या, दणकट वस्तूंचा तो पुरस्कर्ता. 1908 पासून त्याने इथे जमीन घ्यायला सुरुवात केली. मुलांसाठी शेती आणि हस्तकौशल्याची शाळा काढायची, आणि सगळ्यांना एकत्र जमायला, जेवायला एक क्लबहाउस बांधायचं असा बेत होता. चेस्टनटच्या ओंडक्यांचं आणि दगडांचं ते घर 1911 मध्ये उभं राहिलं. पण शाळा कधी निघालीच नाही. क्लबहाउसमध्ये स्टिकलीचं कुटुंबच राहायला गेलं, 1915 मध्ये त्याचं दिवाळं निघालं आणि 1917 मध्ये जागा विकली गेली.

तरी घर टिकलं, कारण विकत घेणारं कुटुंब त्यात राहिलं. पुढे तिथे नवी घरं बांधायचा घाट घातला गेला तेव्हा 1989 मध्ये टाउनशिपने जागा ताब्यात घेतली. आज तिथे संग्रहालय आहे. शाळा नाही तर नाही, पण चुलीपाशी माणसं जमतात. मूळ काम गेलं तरी दुसरं काम मिळालेली इमारत वाचते. काम न मिळालेली इमारत कितीही सुंदर असली तरी आधी गळते आणि मग पडते. म्हणून मी आता बार्नमधल्या लग्नांना हसत नाही.

मात्र यात एक अट आहे. सजावट शेवटी. गवताचा माळा शांत पडलेल्या गासड्यांसाठी बांधलेला असतो, नाचणाऱ्या वऱ्हाडासाठी नाही. माणसं जमण्याच्या जागेला इथला कोड चौरस मीटरला साधारण 490 किलो भार धरायला सांगतो. माणसं पन्नासच्या घरात गेली की बाहेर पडायला दुसरी वाट हवी. पैसा आधी तुळया, जिना, वायरिंग आणि दारं यांत घालायचा. दिव्यांच्या माळा काय, कधीही आणता येतात.

इथल्या सरकारने यात शहाणपण दाखवलं आहे. पूर्वी दुरुस्तीचा खर्च इमारतीच्या किमतीच्या निम्म्यावर गेला की सगळी इमारत नव्या नियमांत बसवावी लागे. मग लोक सरळ पाडून टाकत. न्यू जर्सीने 1998 मध्ये जुन्या इमारतींसाठी वेगळे नियम केले: जेवढं काम काढाल त्या मानाने नियम. 2023 च्या कायद्याने तर शेतीसाठी राखून ठेवलेल्या जमिनींवरही वर्षाला 26 समारंभ करायची मुभा दिली, पण तिथे खरोखर शेती चालू असेल तरच. हे 'तरच' मला फार आवडलं.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण वेगळंच आहे. वाईजवळच्या आमच्या गावी आजोबांचा गोठा आहे. सागवानी खांब, मंगलोरी कौलं, एका बाजूला दगडी गव्हाण. गेली काही वर्षं रिकामा. चुलतभावाला तो पाडून स्लॅबचा हॉल बांधायचा आहे, बारशी-साखरपुड्यांसाठी. मी फोनवर लांबलचक व्याख्यान दिलं. खांब ठेव, गव्हाणीवर फळी टाकून बाक कर, महाराष्ट्राचं 2020 चं कृषी पर्यटन धोरण वाच, वगैरे वगैरे. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दादा, दर पावसाळ्याआधी कौलं चाळायला तू येणारेस का?"

मी गप्प झालो. जुनं जपायचा आग्रह लांबून धरायला काही लागत नाही. छपरावर चढतो तो.

तेव्हा मी आता व्याख्यान बंद केलं आहे. छपराचा आणि वायरिंगचा खर्च मी देतो, बाकी कसं करायचं ते तू ठरव, असं त्याला कळवलं आहे. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. आई मात्र खूश आहे. तिचं म्हणणं, गोठा राहिलाच तर पहिला कार्यक्रम आपल्याच घरचा करू.